कोठीपर्यंत पाणी

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. आईकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या आम्हा वैदर्भीयांच्या महालक्ष्म्या. आमच्या घरी त्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात. कोठ्यांत गहू-तांदूळ भरलेले, वर पितळी मुखवटे, अंगावर नऊवारी, डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा. त्या दिवशी सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, पुरण झालं. शेवटची पंगत उठायला रात्रीचे दहा वाजले. भांडी घासून, उरलेलं पुरण डब्यात घेऊन मी त्रिमूर्ती नगरातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर परतले, तेव्हा पाऊस सुरू झाला होता. बरं वाटलं होतं मला तो पाऊस ऐकून.

पहाटे साडेतीनच्या सुमारास आईचा फोन आला. "अगं, पाणी येऊन राहिलं घरात," एवढंच ती म्हणाली. मागून बाबांचा आवाज येत होता, मेन स्विच बंद करा म्हणून.

आईबाबांचा फ्लॅट अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम तळमजला घेतला होता. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, दीडशे वर्षांचा अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नागनदी आपलं पात्र सोडून वस्तीत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकर नगर, खाली सीताबर्डीपर्यंत पाणी. मोरभवनच्या बस स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. लष्कराला बोलवावं लागलं. काही माणसं गेली. आपल्या शहरात, आपल्या ओळखीच्या गल्लीत माणूस घरात बुडून जाऊ शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आम्हाला तिथे पोचायला सकाळचे नऊ वाजले. आईबाबा पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होते. आईच्या मांडीवर एक गाठोडं होतं. तिनं आधी मुखवटे उतरवले होते, मग महालक्ष्म्यांच्या अंगावरचे दागिने, आणि ते सगळं एका साडीत बांधून ती अंधारात जिना चढली होती. कोठ्या मात्र खालीच राहिल्या. पाणी ओसरलं तेव्हा त्या आडव्या पडलेल्या होत्या, आतले गहू फुगून झाकणं उघडली होती, आणि फुलोऱ्याच्या करंज्या चिखलात विरघळून गेल्या होत्या. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या कमरेच्या वर होती. ती रेघ मी अजून डोळे मिटून दाखवू शकते.

त्या दिवशी काय काय गेलं याची यादी मी पुष्कळदा मनात केली आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, दिवाणाच्या पोटातल्या साड्या आणि गाद्या, आईचं शिवणयंत्र, बाबांची पुस्तकं, स्वयंपाकघराच्या प्लायवूडच्या ट्रॉल्या, दारांच्या चौकटी, सगळं वायरिंग. पार्किंगमधली गाडी छतापर्यंत बुडाली होती. गाडीचा विमा होता, पण तो फक्त थर्ड पार्टीचा. त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना किल्ली फिरवू नये, हेही आम्हाला नंतर कळलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. सरकारनं घरटी दहा हजार रुपये जाहीर केले होते. पंचनामा लिहिणाऱ्या मुलानं खाली मान घालून विचारलं, "काका, घराचा इन्शुरन्स आहे का?" बाबा पटकन म्हणाले, "हो, आहे ना. कर्ज घेतलं तेव्हाच बँकेनं करून दिला होता."

फाईल माळ्यावर होती म्हणून वाचली होती. मी ती उघडली. तो घराचा विमा नव्हताच. कर्ज फिटायच्या आत बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर उरलेलं कर्ज भरून निघेल, असा तो जीवन विमा होता. त्याचा हप्ता एकरकमी, कर्जातच मिळवलेला. कर्ज २०१४ मध्येच फिटलं होतं आणि त्याबरोबर तो विमाही संपला होता. म्हणजे इतकी वर्षं बाबा घराच्या विम्याच्या भरवशावर झोपत होते आणि त्या घराच्या एका विटेचाही विमा नव्हता. ते काही बोलले नाहीत. ओली कागदं उन्हात वाळवायला घेऊन गच्चीवर गेले.

तुमच्याकडे कर्जाच्या फाईलमध्ये असा एखादा कागद असेल, तर हा लेख इथेच थांबवून तो आधी काढून पाहा. विमा कशाचा आहे, माणसाचा की वास्तूचा, तेवढं पाहा. कर्ज देणाऱ्यानं सुचवलेला विमा त्याच्याकडूनच घ्यावा असं बंधन नसतं. आणि वास्तूचा विमा असेल व कर्ज चालू असेल, तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि भरपाईवर आधी तिचा हक्क असतो.

पुढचे अडीच महिने आईबाबा माझ्याकडे राहिले, आणि त्या काळात मी विम्याचं वाचायला बसले. मला तीन घरांचा विचार करायचा होता. आईबाबांचा तळमजला, माझा तिसरा मजला आणि बेसा भागातलं धाकट्या भावाचं रो हाउस. मला वाटलं होतं एकच उत्तर तिन्ही घरांना लागू पडेल. तसं झालं नाही.

पहिला घोटाळा किमतीचा. भाऊ म्हणाला, "ताई, तुझा फ्लॅट आज पासष्ट लाखांचा आहे, मग पासष्ट लाखांचा विमा काढ." मलाही तेच बरोबर वाटलं होतं. पण या पासष्ट लाखांत जमीन आहे, मेट्रो जवळ असणं आहे, शाळा आणि बाजार जवळ असणं आहे. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा मोजतो ते बांधकाम. एक एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली आहे. कंपनी कोणतीही असो, तिचा गाभा तोच. तिच्यात हिशेब असा होतो, घराचा चटई क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर. माझा फ्लॅट आठशे वीस चौरस फूट चटई. बांधकामातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरनं चौरस फुटाला बावीसशेचा दर धर म्हणून सांगितलं. झाले अठरा लाख चार हजार. पासष्ट नाही, अठरा. आणि त्या अठरा लाखांचा वर्षाचा हप्ता आमच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सहून कमी निघाला. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. इतक्या पैशांचा प्रश्न होता, आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो कोणीच विचारला नव्हता.

वास्तूचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप वास्तूच्या रकमेच्या वीस टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. माझ्या बाबतीत ते साडेतीन लाखांच्या थोडं वर. जास्त हवं असेल तर सामानाचा तपशील द्यावा लागतो. भाड्यानं राहणाऱ्यांना केवळ सामानाचा विमाही घेता येतो, हे मी माझ्या भाचीला मुद्दाम कळवलं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. अग्निविम्याच्या जुन्या पद्धतीत तुम्ही घराच्या खऱ्या किमतीच्या निम्म्या रकमेचा विमा काढला असेल, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळे. वीस हजारांचं नुकसान, हातात दहा. या नव्या पॉलिसीत ती कापाकापी नाही. रक्कम ठरवताना थोडी चूक झाली तरी माणूस उघडा पडत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि एकाहून जास्त वर्षांची घेतली तर रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. सिमेंट-सळईचे भाव आपण पाहतोच.

पूर, आग, वीज पडणं, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. भूकंपाचं ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "नागपुरात कुठला भूकंप?" भूकंपाच्या नकाशावर नागपूर कमी धोक्याच्या भागात आहे, हे खरं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीही त्या नकाशावर कमी धोक्याच्याच भागात होती. आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत अंबाझरी लेआउटमध्ये कोणी पुराचं नाव काढलं असतं, तर आम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं.

घर राहण्याजोगं नसेल त्या काळात दुसरीकडे राहायचं भाडंही ही पॉलिसी देते. हे वाचलं तेव्हा बाबा माझ्या हॉलमध्ये सोफ्यावर अंग चोरून बसले होते. मुलीकडे इतके दिवस राहणं त्यांना जड जात होतं. ते मला म्हणायचे, "तुमची गैरसोय होऊन राहिली." त्यांना जवळच एखादी भाड्याची खोली घेता आली असती, त्यांची खुर्ची, त्यांचा रेडिओ मांडता आला असता. पैशांचं सोडा, त्या एका ओळीसाठी मला वाईट वाटलं.

आता फ्लॅटची खरी गुंतागुंत. फ्लॅटमध्ये आपलं काय असतं? चार भिंतींच्या आतलं आपलं. पण त्या भिंती ज्या कॉलमवर उभ्या आहेत ते, जिना, लिफ्ट, गच्ची, टाकी, मीटरचा बोर्ड, कंपाउंड? नागपुरात बहुतेक फ्लॅट स्कीम सहकारी सोसायटीच्या नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. आपण 'डीड ऑफ अपार्टमेंट'वर सही करतो, आणि सामायिक गोष्टींत आपला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. माझा सहा पूर्णांक काही. ती टक्केवारी मी रजिस्ट्रीनंतर पहिल्यांदा तेव्हा वाचली.

आमच्या सचिवकाकांना मी विचारलं, बिल्डिंगचा विमा आहे का. ते म्हणाले, "आहे ना, दरवर्षी भरतो आपण." फाईल काढली तर तो लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार होता. काका बिचारे खरंच त्याला विमा समजत होते. मी त्यांना दोष देत नाही. बाबाही तसेच फसले होते.

मग मी तो कायदा वाचला. त्यात विम्याची तरतूद आहे. सदनिकाधारकांची संघटना सगळ्यांच्या वतीनं विश्वस्त म्हणून इमारतीचा विमा घेऊ शकते, बहुमतानं ठरलं तर तिनं तो घ्यायचा असतो, आणि हप्ता सामायिक खर्चात धरायचा. शिवाय प्रत्येकाचा स्वतःच्या सदनिकेचा वेगळा विमा घेण्याचा हक्क शाबूत राहतो. तिथेच पुढे एक कलम आहे, ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. इमारतीचं नुकसान झालं आणि ती दुरुस्त करायची की पुन्हा बांधायची याचा निर्णय संघटनेनं साठ दिवसांत घेतला नाही, तर ती मालमत्ता सगळ्यांच्या सामायिक मालकीची समजली जाते, आणि कोणीही एक मालक वाटणीसाठी कोर्टात जाऊ शकतो. विक्रीचे आणि विम्याचे पैसे मग हिश्शाप्रमाणे वाटले जातात. आमच्या सोळा घरांना पार्किंगचे पेव्हर ब्लॉक ठरवायला आठ महिने लागले होते. साठ दिवस!

पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आम्ही मीटिंग घेतली. सोळापैकी अकरा जण आले. एकांचं म्हणणं, इतकी वर्षं काही झालं नाही. मी भाषण केलं नाही. आईच्या भिंतीवरच्या त्या रेघेचा फोटो दाखवला. सामायिक भागाचा विमा त्या दिवशी मंजूर झाला आणि आतल्या घराचा ज्यानं त्यानं घ्यावा असं ठरलं. त्यामुळे मला निवड करताना एक स्पष्टता आली. दोन पॉलिसींमध्ये फट राहू नये, एवढं पाहायचं. घराच्या आतल्या भिंती, फरशी, बसवलेलं किचन, खिडक्या माझ्या पॉलिसीत. कॉलम, जिना, पंप, गच्ची बिल्डिंगच्या पॉलिसीत. हे मी दोन्हीकडे लेखी विचारून घेतलं.

फ्लॅटमध्ये भांडणं होतात ती मात्र पुरावरून नाही, गळतीवरून. वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या छतावर ओल येते, आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या. मला वाटलं, हे तरी विम्यात येईल. येत नाही. पाइप अचानक फुटला, टाकी वाहून घरात पाणी भरलं, तर येतं. वर्षानुवर्षं मुरणारी ओल ही झीज समजली जाते. तिच्यावर उपाय वॉटरप्रूफिंगचा आणि शेजाऱ्यांशी बोलण्याचा. पण माझा पाइप फुटून खालच्यांचं छत खराब झालं तर त्यांची भरपाई कोण देणार? मूळ पॉलिसीत ती जबाबदारी नाही. दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचं जोडसंरक्षण वेगळं घ्यावं लागतं. मी घेतलं. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या आजी एकट्या राहतात.

आगीचं थोडक्यात सांगते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, इथे घरोघरी कूलर आणि एसी दिवसरात्र चालतात, आणि जुन्या वायरी तापतात. शॉर्टसर्किटनं आग लागून घर जळलं तर विमा लागू होतो, पण ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झालं ते उपकरण स्वतः त्यात धरत नाहीत. मी विम्याच्या आधी वायरिंग बदलून घेतलं.

भावाच्या रो हाउसचं गणित निराळं होतं. तिथे जमीन त्याची, कंपाउंड त्याचं, गच्चीवरचे सोलर पॅनल त्याचे. हे सगळं वास्तूत धरता येतं, पण रकमेचा हिशेब करताना आठवणीनं धरावं लागतं. त्याच्या मनात मात्र एकच गोष्ट होती, भिंतीवरच्या भेगा. बेसा-बेलतरोडीकडे खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. त्याला वाटत होतं, जमीन खचणं विम्यात आहे म्हणजे भेगाही येतील. मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, त्याच्या भेगा, सदोष बांधकाम किंवा सदोष साहित्य यांना भरपाई नाही. तो नाराज झाला. "मग उपयोग काय, ताई?" मी म्हटलं, भेगांसाठी बिल्डरला धर, विमा बाकीच्यासाठी घे. एक भिंत त्याची आणि शेजाऱ्यांची मिळून आहे. म्हणून दोघांनीही विमा घ्यावा असं मी सुचवलं. शेजाऱ्यांनी अजून घेतलेला नाही.

चोरीचंही लोक गृहीत धरतात. मूळ पॉलिसीत साधी घरफोडी नाही. पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे झालेली चोरी तेवढी आहे. घरफोडीचं वेगळं घ्यायचं. दागिनेही आपोआप सामानात येत नाहीत, त्यांची किंमत आधी ठरवून वेगळी नोंद करावी लागते. रोख रक्कम आणि कागदपत्रं नाहीतच.

सगळ्यांत अवघड आईबाबांचा तळमजला. पाणी एकदा येऊन गेलेल्या घराला विमा मिळेल का, ही भीती होती. विम्याच्या ज्या माणसानं फॉर्म भरून आणला त्यानं 'यापूर्वी पुरानं नुकसान झालं आहे का' हा रकाना रिकामा सोडला होता. म्हणाला, "राहू द्या ना ताई, कशाला लिहिता." मी तो फॉर्म परत केला. असं लपवलेलं पुढे दाव्याच्या वेळीच उघडं पडतं, आणि तेव्हा पॉलिसी असून नसल्यासारखी होते. दुसऱ्या ठिकाणी मी स्वतःच्या हातानं लिहिलं: होय, २३ सप्टेंबर २०२३, कमरेच्या वर पाणी. त्यांचा माणूस घर पाहून गेला. हप्ता माझ्यापेक्षा जास्त बसला, पण विमा मिळाला. बाबांनी पॉलिसीचा कागद दोनदा वाचला आणि या वेळी माळ्यावर ठेवला नाही, पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे एक प्रत दिली.

उरली सामानाची यादी. महालक्ष्म्यांच्या आधीच्या रविवारी आई आणि मी ती करायला बसलो. एकेका खोलीत जायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, बिल असेल तर बिलाचा. आई सांगत होती, मी लिहीत होते. नवा फ्रिज. मिक्सर. दिवाण, जो तिनं आता विटांवर उचलून घेतला आहे. दागिने वेगळ्या पानावर, सराफाकडून किंमत करून आणलेले. मग आम्ही देवघरापाशी आलो. नव्या कोठ्या आल्या होत्या, या वेळी स्टीलच्या. त्या लिहिल्या. शेजारी मुखवटे ठेवले होते, तिच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून आलेले, एकाच्या कानाजवळ बारीक पोचा पडलेला.

"यांची किती लिहू?" मी विचारलं.

आईनं एक मुखवटा हातात घेतला, पदरानं पुसला आणि परत जागेवर ठेवला. "त्या नको लिहू," ती म्हणाली. "त्या मी उचलून घेते."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि नव्या शिवणयंत्राच्या मागचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवू लागली.